सोमवार, पहिली पाळी

पहाटे पाचला लोरेनमध्ये ईरी तळ्याचं वारं
डायलिसिस सेंटरच्या दाराशी थांबतं, आत येत नाही.
आत येतात ते काल हरलेले.
एकेक जण वजनकाट्यावर चढतो,
कोटाखाली कालचीच जर्सी,
आणि काट्याकडे न बघताच सांगतो,
"वीस-सतरा."

मी खरा आकडा लिहून घेते. चार किलो जास्त.
मॅच बघताना पाणी मोजून कोण पितं?

झुरिक म्हणतात, पोराचा हात चांगला आहे,
डोळे मात्र एकाच माणसाला चिकटतात.
ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याच्याकडेच टक लावतो,
मग समोरच्यांना काय, आमंत्रणच की.
पेटवे, ज्यांनी पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली,
म्हणतात, बावीस वर्षांचा आहे तो.
बाविसाव्या वर्षी मी रिव्हर्समध्ये
पोस्टमनची गाडी चेपली होती.
इरिझारीबाई डोळे मिटूनच बोलतात:
पोराला सोडा. चौथा प्रयत्न, हवेत दोन यार्ड,
आणि तो वरचा, काचेच्या खोलीतला,
लग्नाच्या मेनूएवढा कागद हातात धरून
चाळीस यार्डांचा पास मागतो!
दोन यार्ड माझी नात घेईल, ढकलत ढकलत.

"ऑर्टलिबने खेळी बदलायची होती."
"नवख्याने? दुसऱ्याच महिन्यात? साहेबाची?"
"मग क्वार्टरबॅक कशाला हवा, चेंडू पोस्टानं पाठवा."

मी टेप फाडत ऐकते.
इचलकरंजीत मामा कबड्डीची मॅच हरून आला
की गल्ली अशीच बसायची त्याच्या शेवटच्या चढाईवर,
ज्यांचा दम जिन्यावर संपायचा तेही.
मामा आतल्या खोलीत. ताट तसंच.
त्याला सगळं ऐकू यायचं.
त्या ऑर्टलिबच्या घराच्या भिंती तरी जाड असोत.

सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्याच महिन्यात,
पेटव्यांच्या दंडात माझी सुई दोनदा चुकली.
कोपरापर्यंत हात जांभळा झाला.
तेव्हाही ही रांग अशीच बोलली होती,
मी पडद्याआड कापूस मोजत होते.
"डोळे सुईला चिकटतात हिचे," झुरिक म्हणाले होते,
"शिरेकडे बघतच नाही."
बुधवारी पेटव्यांनी तोच हात पुढे केला.
मान मात्र दुसरीकडे वळवून.

आज झुरिकांच्या कागदावर लिहून आलंय:
चार लिटर काढा.
लिहिणारे डॉक्टर तीस मैलांवर.
तिसऱ्या तासाला झुरिकांची पोटरी वळते,
चेहरा राखेचा होतो, मशीन ओरडायला लागतं,
कालच्या खेळाबद्दलचं वाक्य अर्धंच राहतं.
मी खेचणं थांबवते. सलाईन. खुर्ची मागे, पाय वर.
फोन नंतर.

रंग परतल्यावर ते एक डोळा उघडतात.
"ही खेळी कुणाची होती?"
"वरून आली होती."
"आणि तू बदललीस."
मी काही बोलत नाही, पट्टा परत फुगवते.
"बघा," ते खोलीला सांगतात, "बदलता येते."
"सहा वर्षांनी," इरिझारीबाई, डोळे अजून मिटलेलेच.
पेटवे हसतात, त्यांचंही मशीन ओरडतं.

साडेनऊ. सुया निघतात.
दहा मिनिटं प्रत्येकाने आपापलं भोक
आपल्याच बोटाने दाबून बसायचं, हा नियम.
तेवढा वेळ सगळे शांत असतात, कुणी दाराकडे बघतं.
मग कुणीतरी: "रविवारी तोच खेळेल ना?"
"मग दुसरा कोण आहे आपल्याकडे?"

झुरिक पुन्हा काट्यावर चढतात.
एक किलो उरलाच, मी सांगते.
"असू दे," ते कोटाची बटणं लावतात,
"बुधवारी."